मेंदूतला भोंगा : लहान लेकरांच्या भीतीविषयी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मोडनिंब येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो ते बहुतेक तसेच ठेवले आहे.)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा विषय कोणता, असे विचारले. मी म्हणालो, "लहान लेकरांचा मेंदू आणि त्यांची भीती." एकजण हसले. म्हणाले, "काका, वर्धापनदिनाला असला विषय? लेकरं आज भितात, उद्या विसरतात." मला आज नेमके हेच वाक्य खोडून काढायचे आहे. बरीच लेकरं विसरतात, हे खरं. काही विसरत नाहीत. आणि जी विसरत नाहीत ती कुणाला सांगतही नाहीत, कारण सांगायला जे शब्द लागतात ते त्या वयात तोंडात आलेलेच नसतात.

मी डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली, सूतगिरणीच्या रिंग खात्यात लागलो आणि तेव्हापासून तुटलेले धागे सांधतो आहे. पाळी संपली की वाचनालयात जाऊन बसायचं, हा नाद मात्र सुटला नाही. तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकांतून वाचलेलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेलं आणि थोडं डोळ्यांनी बघितलेलं आहे. भाषा मात्र गिरणीची येईल, ती गोड मानून घ्या.

आधी मेंदूचं बघू. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूचं वजन ३५० ते ४०० ग्रॅमच्या आसपास असतं. मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा. पहिल्या वर्षभरातच बाळाचा मेंदू जवळजवळ दुप्पट होतो आणि पाच वर्षांचं होईस्तोवर मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांपर्यंत जातो. हातपाय अजून एवढेसे, पण डोकं बहुतेक पुरं झालेलं. टोपडी शिवणाऱ्या आजीबाईंना हे पुस्तक न वाचताच ठाऊक आहे. अंगडं पुरतं, टोपडं आधी लहान होतं. म्हणजे आपण पहिलीत नाव घालतो आणि "आता शिक्षण सुरू झालं" म्हणतो, तेव्हा इमारतीचा मोठा भाग उभा राहून गेलेला असतो.

आता हे वाढतं म्हणजे काय वाढतं? मेंदूच्या पेशी बहुतेक जन्मालाच असतात. वाढतात ते त्यांच्यामधले धागे, एका पेशीचा दुसरीशी होणारा जोड. पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून जास्त असे जोड होतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. मी आकडा वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. आमच्या खात्यातल्या सगळ्या चात्या मिळूनसुद्धा एवढं काम कधी होणार नाही. पण पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. गिरणीत धागा तुटला की तो सांधायचा, हे आमचं काम. मेंदू उलटं करतो. जे धागे रोज वापरले जातात ते जाड, पक्के करतो आणि जे वापरलेच जात नाहीत ते आपणहून तोडून टाकतो. लेकराशी रोज बोललं तर बोलण्याचे धागे पक्के होतात. लेकराला रोज घाबरवलं तर? तर घाबरण्याचे धागे पक्के होतात. मेंदूला चांगलं-वाईट कळत नाही, त्याला वापर कळतो.

आणि बोलणं म्हणजे नुसतं आपण बोलणं नव्हे. बाळ "अग्गू" म्हणतं, आई "काय रं राजा" म्हणते, बाळ परत काहीतरी म्हणतं. हा झेलाझेलीचा खेळच मेंदूला लागतो. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईला बाळासमोर बसवलं, आधी नेहमीसारखं खेळायला लावलं, आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगितलं. बाळ हसून बघतं, हात पुढं करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवतं आणि रडायला लागतं. आई समोरच असते, कुठं गेलेली नसते. आता मोबाईल बघणारी आई आणि मोबाईल बघणारा बाप आठवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा दाखवूच नये, आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. लेकराच्या हातातला मोबाईल तर काढायचाच, पण मी म्हणतो, आधी आपल्या हातातला काढू.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे भीतीवर. आगीचा भोंगा तुम्हाला माहीत आहे. भोंग्याला अक्कल नसते. कापसाच्या गाठींना आग लागली तरी तो वाजतो आणि कोपऱ्यात कुणी बिडी ओढली तरी वाजतो. वाजला की सगळं खातं थांबतं. मग जॉबर येतो, नाक वर करून वास घेतो, इकडं-तिकडं बघतो आणि सांगतो, "काही नाही, चला कामाला." आपल्या मेंदूत हे दोघंही आहेत. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक भाग असतो. डॉक्टर त्याला अमिग्डला म्हणतात. तो भोंगा. तो वाजला की काळीज धडधडतं, श्वास वाढतो, पोटात गोळा येतो, अंगात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य चढतं. आणि कपाळाच्या मागे जो मेंदूचा भाग आहे, विचार करणारा, आवर घालणारा, तो जॉबर.

अडचण अशी की भोंगा जन्मापासून चालू असतो आणि जॉबर पुरता कामावर रुजू व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. मग तोवर लेकराच्या मेंदूतला भोंगा बंद कोण करणार? जे मोठं माणूस जवळ आहे ते. लेकरू दचकलं की आईकडे बघतं. आईचा चेहरा शांत असला, तिने उचलून घेतलं, की भोंगा थांबतो. असं शेकडो वेळा झालं की मेंदू ते शिकतो, आणि हळूहळू लेकराचा स्वतःचा जॉबर तयार होतो. "उचलून घेतलं की लाडावतं," असं आपल्याकडे म्हणतात. रडणाऱ्या तान्ह्याला उचलण्याने कुणी लाडावत नाही. न उचलण्याने काय होतं ते रुमानियात दिसलं. तिथं १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा अनाथालयांत हजारो लेकरं सापडली. खायला होतं, खाट होती. उचलून घेणारं एक ठरलेलं माणूस नव्हतं. २००० साली बुखारेस्ट शहरात अमेरिकन संशोधकांनी अशा १३६ लेकरांचा अभ्यास सुरू केला. निम्मी लेकरं चांगल्या कुटुंबांत ठेवली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली त्यांच्या मेंदूने जास्त उचल खाल्ली. उशिरा गेली तीही सुधारली, पण कमी. तेव्हा वेळ गेली की सगळं गेलं असं नाही, पण लवकर केलेलं जास्त लागू पडतं.

सगळी भीती म्हणजे आजार नव्हे, हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर उद्या सगळ्या आया दवाखान्यात रांग लावतील! सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाकडे जात नाही. हे चांगलं लक्षण आहे. त्याला आपलं-परकं कळायला लागलं. वर्षा-दीड वर्षाचं पोरगं आई मोरीत गेली तरी दाराशी रडतं. तीन-चार वर्षांचं अंधाराला, कुत्र्याला, गडगडाटाला भितं. हे येतं आणि जातं. भोंगा अडकून बसला, बंदच होईना, तर मात्र तो आजार. डॉक्टर तीन गोष्टी बघतात. भीती त्या वयाच्या मानाने फार जास्त आहे का, महिनाभराच्या वर टिकली आहे का, आणि तिच्यापायी लेकराचं खाणं, झोप, खेळणं, अंगणवाडी बंद पडली आहे का.

लेकरू "मला चिंता वाटते" असं कधीच म्हणणार नाही. ते "पोट दुखतंय" म्हणेल. माझी नात चार वर्षांची असताना रोज सकाळी पोट धरून बसायची. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, पोटात काही निघालं नाही. एका डॉक्टरीणबाईंनी तिसराच प्रश्न विचारला, "रविवारी दुखतं का हो?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. रविवारी कधीच दुखलं नव्हतं. बरं, ती खोटं बोलत होती का? अजिबात नाही. भोंगा वाजला की पोट खरंच दुखतं, परीक्षेच्या दिवशी आपल्याला संडासला पळावं लागायचं तसं. म्हणून "नाटकं करतीय" हा शब्द घरातून हद्दपार करा. असंच, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, रात्री किंचाळून उठणं, आईचं झंपर घट्ट धरून ठेवणं, बाहेर गेल्यावर दगडासारखं गप्प होणं. या सगळ्याला पोरगं हट्टी झालं म्हणून फटके बसतात, आणि फटक्याने भोंगा आणखी जोरात वाजतो.

काही लेकरं जन्मतःच हळवी असतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज ऐकवून, नवी खेळणी दाखवून बघितलं. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडलं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याचा संभव जास्त. पण त्यातल्या सगळ्यांना आजार झाला नाही, बऱ्याच जणांचं छान चाललं. तेव्हा ज्या घरी असं लेकरू आहे तिथल्या आईला कुणी बोल लावू नका. आपल्याकडे पोराला काहीही झालं की पहिलं बोट आईकडे जातं. हळवं असणं तिच्या हातात नाही. पण हळव्या लेकराला कसं वाढवायचं ते सगळ्या घराच्या हातात आहे, बापाच्या धरून.

बापाचं नाव निघालंच आहे तर बोलतो. पगाराच्या रात्री काही घरांत काय होतं ते या वस्तीत कुणाला सांगायला नको. पिऊन येतात, भांडी फेकतात, बाईवर हात टाकतात. आणि वर म्हणतात, "लेकरू झोपलंय, त्याला काय कळतंय." अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात २०१३ साली सहा ते बारा महिन्यांच्या, झोपलेल्या बाळांच्या मेंदूची यंत्रातून तपासणी केली. बाळं गाढ झोपलेली असताना त्यांना रागावलेल्या माणसाचा आवाज ऐकवला. झोपेतसुद्धा मेंदूने त्या आवाजाची दखल घेतली. आणि ज्या घरांत आईबापांची भांडणं जास्त, त्या बाळांच्या मेंदूचे भीती आणि ताणाशी संबंध असलेले भाग जास्त पेटले. अभ्यास लहान होता, वीस बाळांचा. पण मला तेवढा पुरला. इथं बसलेल्या तरुण पोरांनो, घरी गेल्यावर हे आठवा.

दुसरी सवय, जी बायाबाप्ये सगळ्यांनाच आहे. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." "गप बस, पोलीस धरून नेईल." "डॉक्टर सुई टोचेल." आणि सगळ्यात वाईट, "मी तुला सोडून निघून जाईन." आपण दोन मिनिटांत विसरतो. ज्याला आई हेच सगळं जग आहे, त्याच्या मेंदूत त्या वाक्याने काय होत असेल? पुन्हा दवाखान्यात नेल्यावर तेच पोरगं ओरडतं, तर आपण त्याला भित्रं म्हणतो. अहो, सुईची भीती आपणच दोन वर्षं पेरली ना!

आणि एक भीती अशी आहे की तिच्याबद्दल बोलताना मला जड जातं. आमच्या पिढीला आईबापांनी सांगितलं, "तिकडच्या गल्लीला जाऊ नको, त्यांच्या पाण्याला हात लावू नको, मान वर करून बोलू नको." ती भीती खोटी नव्हती. त्यांनी मार खाल्ला होता, अपमान गिळले होते. मी शाळेत असताना एका मास्तरांनी मला वर्षभर दाराजवळ बसवलं, आणि मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. अशी भीती रक्तातून नाही, पण आईबापांच्या चेहऱ्यातून, आवाजातून, हाताच्या घट्ट पकडीतून लेकरात उतरते. धोका खरा असेल तिथं लेकराला सावध करायलाच पाहिजे. पण धोका नाही तिथं आपला जुना भोंगा लेकराच्या कानाशी वाजवू नये. फरक कसा करायचा? मला विचाराल तर पाच-सहा वर्षांच्या आत लेकराला जगाचा हिशेब सांगूच नये. आपण बरोबर जावं, त्याचं बोट धरावं, आणि मान वर करून कसं बोलायचं ते स्वतः बोलून दाखवावं.

लेकरू झोपेत किंचाळलं, अंग ताठ झालं, की अजूनही काही घरांत "बाहेरचं" म्हणून देवऋषीकडे धावतात. मी दृष्ट काढणाऱ्या म्हातारीवर रागावणार नाही. ती मीठ-मोहरी ओवाळते आणि लेकराला मांडीवर घेते, त्यातल्या मांडीचा गुण येतो. पण मिरचीची धुरी देणं, केस धरून झोडपणं, चटके देणं हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भ्यालेल्या लेकराला मिरचीच्या धुरात धरणं म्हणजे आग लागल्याच्या भोंग्यावर रॉकेल ओतणं.

आता उपायाकडे येतो. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीची जड माळवदं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही लोक दचकून घराबाहेर पळाले होते. मी तेव्हा तरुण होतो. पत्र्याच्या शेडा उभ्या राहायला लागल्या तेव्हा कामगारांच्या एका तुकडीबरोबर सास्तूरच्या भागात दहा दिवस मदतीला गेलो. तिथं चारेक वर्षांचं एक पोरगं होतं. आईबाप गेलेले, आजी उरली. पोरगं छपराखाली पाऊलच टाकेना. कुणी उचलून आत नेलं की निळं पडेस्तोवर रडायचं. थंडी पडायला लागली होती, सगळे म्हणत होते जबरदस्तीने आत झोपवा, दोन दिवसांत सवय होईल.

आजीने कुणाचं ऐकलं नाही. पहिल्या दिवशी ती शेडच्या बाहेर, दारापासून दहा पावलांवर त्याला घेऊन भाकरी खात बसली. दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर. मग उंबऱ्यात स्वतः बसली, पोरगं बाहेर. मग पोरगं मांडीवर, पाय बाहेर. एक दिवस पोरगं मागं सरलं तर तीही मागं सरली, रागावली नाही. मी निघालो त्या दिवशी ते दारातल्या आतल्या बाजूला बसून भाकरी खात होतं, एक हात आजीच्या लुगड्याला, डोळे वर पत्र्याकडे. पुढचं मला माहीत नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी १९२४ साली अमेरिकेत हेच केलं होतं. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला फार भ्यायचा. बाईंनी त्याला आवडीचं खायला दिलं आणि ससा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात पिंजऱ्यात ठेवला. रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसला. शंभर वर्षं झाली, लहान मुलांच्या भीतीवर आजही डॉक्टर जो उपचार करतात त्याचा पाया हाच आहे. आमच्या आजीने जोन्सबाईंचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नव्हतं.

किल्लारीनंतर या बाजूने कामही झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मनाच्या आरोग्याचा अभ्यास केला, त्यात डॉ. मोहन आगाशे होते. तुम्ही त्यांना सिनेमा-नाटकातले म्हणून ओळखता, पण ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. आपल्याकडे मोठ्या संकटानंतर लेकराला भाकरीबरोबर शाळा, ठरलेली वेळ, ठरलेलं माणूस लागतं, ही समज तिथून जरा वाढली. करोनाच्या वेळी २०२० साली अंगणवाड्या बंद झाल्या, दीड-दोन वर्षं लेकरं घरात कोंडली, तेव्हा ती समज किती कामाला आली हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

तर पायरी-पायरीने. अंगणवाडीला जात नाही, तर पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन या. मग आत पंधरा मिनिटं, आई शेजारी. मग आई दारात. मग आई "खिचडी झाली की येते" म्हणून जाते, आणि खिचडी झाली की येतेच. चोरून पळून जायचं नाही. लेकराचा डोळा चुकवून गेलेली आई दुसऱ्या दिवशी पाचपट घट्ट धरली जाते. आणि उलट बाजूची एक चूक मऊ काळजाच्या घरांत होते. लेकरू भितं म्हणून अंगणवाडीच बंद, कुत्र्याला भितं म्हणून रस्ताच बदलला. त्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण मेंदू शिकतो की धोका खरा होता, पळालो म्हणून वाचलो. ढकलायचंही नाही आणि पळवायचंही नाही, हे मधलं काम कठीण आहे, त्याला आठवडे लागतात.

इथं कुणी विचारेल, विहारात लेकरांना ध्यानाला बसवलं तर? मोठ्या मुलांना आनापानाचा उपयोग होतो. त्यांची शिबिरं आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतात. तीन-चार वर्षांच्या पोराला डोळे मिटून ताठ बसवू नका. त्याला पिसारा फुंकायला द्या, साबणाचे फुगे द्या, आईच्या छातीवर डोकं ठेवून श्वास ऐकू द्या. तेवढं पुरे.

पण हे सगळं करायला आईला वेळ आणि जीव राहिला पाहिजे. रात्रपाळी करून आलेल्या, अंगात रक्त नसलेल्या बाईला मी शांत चेहरा ठेव म्हणून सांगायचं, ही थट्टा झाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ साली तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं, १९७६ पासून तीसपेक्षा जास्त बाया असतील तिथं ते सक्तीचं झालं. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांवर गेली. कागदावर हे सगळं होतं. मी काम केलेल्या एका ठिकाणी पाळणाघराच्या खोलीत रिकाम्या बोबिनांची पोती होती. आणि शेतावर, उसाच्या फडात, वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला तर कायदा कधी दिसलाच नाही. तिचं तान्हं बांधावर झोळीत आणि राखायला सहा वर्षांची बहीण. लोखंडाच्या गोळ्या, आयोडीनचं मीठ, पोटभर अन्न हेही मेंदूचंच खाद्य आहे, ते अंगणवाडीच्या ताई सांगतातच.

ताईंवरून आठवलं. अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आला. बोर्डीला १९४५ साली त्यांनी बालवाडी सुरू केली आणि लेकरं येत नाहीत तर त्यांच्या अंगणात जायचं ठरवलं. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. आज आपण तिला खिचडीचं ठिकाण समजतो. तिथल्या ताईला आधी विचारा, कारण ती रोज वीस-पंचवीस लेकरं बघते, तिला फरक लवकर कळतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि वजन-उंचीबरोबर भीतीचंही बोला. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं गेलं म्हणजे वेड्याचा शिक्का बसत नाही. इतक्या लहान वयात बहुधा गोळ्यांनी सुरुवात करत नाहीत, खेळातून आणि आईबापांना शिकवून उपचार करतात. एसटीचं भाडं परवडत नसेल तर १४४१६ हा फोन लावा. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

माझं बोलणं इथं थांबवतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

(भाषणानंतर काही प्रश्न झाले. त्यातला एक समितीच्या सांगण्यावरून इथे देत आहे.)

एका आजींनी विचारलं, "नातू पाच वर्षांचा हाय. घरात पोपटावानी बोलतो, पण अंगणवाडीत वर्ष झालं, तोंड उघडत न्हाई. सगळी म्हणत्यात जीभ जड हाय, मध चाटवा. काय करावं?"

मी सांगितलं, आजी, घरात बोलतो म्हणजे जीभ ठीक आहे. कान मात्र एकदा तपासून घ्या. हा हट्टही नव्हे. काही लेकरांचा घरात शांत असलेला भोंगा बाहेर इतका वाजतो की गळाच धरला जातो. डॉक्टर त्याला निवडक मौन म्हणतात. त्याला "बोल, बोल" म्हणून मागं लागू नका, चॉकलेटची लालूच नको, चारचौघांत "हा मुका आहे" असं तर कधीच म्हणू नका. लेकरं घरी गेल्यावर रिकाम्या अंगणवाडीत तुम्ही आणि तो दोघंच खेळा. तुमच्याशी बोलायला लागला की काही दिवसांनी ताईंना लांब दाराशी, आपलं काम करत बसू द्या. मग जरा जवळ. मग त्याचा एक मित्र आणा. पहिला शब्द आला तर टाळ्या वाजवू नका, काही झालंच नाही असं दाखवून खेळ पुढं चालू ठेवा. महिना-दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर सोलापूरला जाऊ, मी बरोबर येतो.

ताई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या, मी लेकरं गेल्यावर अर्धा तास कुलूप लावणार नाही."